तीन पिढ्यांचा रायगड

रायगडावर माणसे बारा महिने जातात, पण घरातली वडीलधारी मंडळी आणि लहान मुले यांना एकत्र घेऊन जायचे असेल, तर डिसेंबर-जानेवारीइतका चांगला काळ नाही. पावसाळ्यात अख्खा गड ढगात असतो आणि समोरचा माणूसही दिसत नाही. उन्हाळ्यात माथ्यावर सावली शोधावी लागते आणि दुपारी कातळावर पाय ठेववत नाही. थंडीत मात्र हवा स्वच्छ असते, गवत पिवळे पडलेले असते, आणि उन्हात बसावेसे वाटते. म्हणून आम्ही जानेवारीतला एक शनिवार निवडला. बरोबर आई, अण्णा, पत्नी, नववीतली सई आणि चौथीतला अर्णव. आईचे गुडघे दुखत असल्यामुळे पायऱ्यांचा विचारच नव्हता. अण्णांनी तरुणपणी गड पायी पाहिला होता. आईने तो फक्त त्यांच्या तोंडून ऐकला होता. अर्णवला तर यंदा वर्षभर शिवरायांचाच इतिहास अभ्यासाला आहे, त्यामुळे आमच्यातला सर्वांत उतावीळ प्रवासी तोच होता.

शुक्रवार संध्याकाळ : महाड

पुण्याहून पहाटे निघून त्याच दिवशी परत येता येते, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसांना घेऊन तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळी रोपवेच्या पहिल्या फेऱ्यांत जागा हवी असेल, तर रात्री पायथ्याच्या जवळ असणेच सोयीचे पडते. आम्ही ताम्हिणी घाट उतरून संध्याकाळी महाडला मावसभावाकडे पोहोचलो. त्याने अंगणात पोपटीची तयारी करून ठेवली होती. रायगड जिल्ह्यातल्या थंडीची खरी ओळख या पोपटीतच होते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे आणि अंडी यांचे थर, मधूनमधून ओवा आणि जाडे मीठ, वरून पुन्हा पाला ठासून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती गवत-पेंढा पेटवून द्यायचा. पाण्याचा थेंबही न घालता शेंगा आपल्याच ओलाव्यात शिजतात आणि पाल्याचा वास त्यांना लागतो. मडके फोडल्यावर वाफेबरोबर आलेला तो वास आईला इतका आवडला की तिने पाल्याची एक डहाळी नीट पाहून घेतली आणि हे झुडूप आपल्याकडे का दिसत नाही, याची चौकशी केली. जानेवारी-फेब्रुवारीत या भागात येणार असाल, तर पोपटी खाल्ल्याशिवाय परत जाऊ नका.

शनिवार सकाळ : पायथा आणि पाळणा

महाड ते पाचाड हे अंतर सुमारे पंचवीस किलोमीटरचे आहे. सकाळी निघालो तेव्हा गांधारी नदीच्या खोऱ्यात धुके साचले होते, आणि त्या पांढऱ्या थरातून रायगडाचा कडा एकदम वर उठलेला दिसत होता. मुले गाडीत गप्प झाली. समुद्रसपाटीपासून आठशेवीस मीटर हा आकडा पुस्तकात वाचणे वेगळे आणि खालून मान वर करून तो कडा पाहणे वेगळे.

रोपवेचे खालचे स्थानक हिरकणीवाडीत आहे. हा रोपवे १९९६ साली सुरू झाला. लांबी सुमारे साडेसातशे मीटर, चढ सुमारे चारशे मीटर आणि वेळ अवघी चारपाच मिनिटे. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या चढायला धडधाकट माणसाला दीडदोन तास लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या चार मिनिटांचे मोल कळते. आम्ही लवकर पोहोचल्यामुळे रांग लहान होती. तासाभराने खाली नजर टाकली तेव्हा तीच रांग मंडपाबाहेर गेलेली दिसली. थंडीतल्या शनिवार-रविवारी नऊच्या आत पोहोचावे, आणि कोणी पायऱ्यांनी उतरणार असेल तर ते तिकीट घेतानाच खिडकीवर सांगावे.

आईला उंचीची भीती वाटते. तिकीट हातात घेऊन तिने दोनदा विचारले, "मध्येच थांबला तर?" तिथल्या कर्मचाऱ्याने घाई न करता तिला यंत्रणा समजावून सांगितली: एका बाजूचे पाळणे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात, दोन्हींचा भार एकमेकांना तोलतो, आणि वारा फार वाढला तर फेरी सोडतच नाहीत. "आजी, तुम्ही डोंगराकडं तोंड करून बसा, दरीकडं बघूच नका," हा त्याचा सल्ला मी सर्वांना देईन. आई डोंगराकडे तोंड करून बसली, अर्णव अर्थातच दरीकडे. पाळणा सुटला तशी झाडांची शेंडी पायांखाली गेली, मग शेते, मग वाडीतली कौले, आणि निम्म्या वाटेत उतरणारे पाळणे शेजारून सर्रकन निघून गेले. आईच्या बाजूला मात्र नुसता काळा कातळ होता, इतका जवळ की त्याच्या भेगांत वाळलेले गवत आणि ओघळांचे पांढरे डाग स्पष्ट दिसत होते. तिने डोळे मिटले नाहीत. वर उतरल्यावर ती एवढेच म्हणाली, "या कड्यावरून ती बाई उतरली?"

गडाचा माथा : मेणा दरवाजा ते राजसभा

वरच्या स्थानकातून थोड्या पायऱ्या चढून मेणा दरवाज्यातून आत जावे लागते. या पायऱ्या फार नाहीत, पण गुडघेदुखी असलेल्यांनी काठी बरोबर ठेवावी आणि सावकाश चढावे. वर येताच वाऱ्याने आमचे स्वागत केले. खाली स्वेटर काढावासा वाटत होता आणि इथे आईने शाल कानांवरून घट्ट लपेटली. थंडीत गडावर जाताना कानटोपी आणि शाल पिशवीत हवीच, दुपारसाठी टोपीही हवी. सकाळचा वारा आणि दुपारचे ऊन हे दोन्ही खरे असतात.

मेणा दरवाज्यातून आत आल्यावर राणीवशाचे चौथरे लागतात, पुढे राजवाड्याचा भव्य चौथरा. "पण राजवाडा कुठे आहे?" हा अर्णवचा प्रश्न प्रत्येक मूल इथे विचारत असणार, आणि त्याचे उत्तर मोठ्यांनी आधीच वाचून ठेवावे. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवून गडावर मारा केला. आग लागली, आणि लाकडी खांब, तुळया, माड्या जे होते ते जळून गेले. १० मे रोजी गड पडला. आज जोती उभी आहेत, कारण दगड जळत नाही. अण्णांनी नातवाला समोरचा तो डोंगर बोटाने दाखवला आणि तो बराच वेळ त्या दिशेने बघत राहिला.

राजसभेत आम्ही सर्वांत जास्त वेळ रमलो. सुमारे दोनशेवीस फूट लांब आणि एकशेचोवीस फूट रुंद असे हे आवार आहे. एका टोकाला पूर्वाभिमुख सिंहासनाची जागा, समोर दुसऱ्या टोकाला नगारखान्याचे उंच प्रवेशद्वार. ६ जून १६७४ रोजी इथे राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्याला हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील हजर होता. सिंहासनाजवळ भाल्याच्या टोकांवर लावलेली सोन्याची मत्स्यमुखे आणि न्यायाची खूण म्हणून टांगलेला तराजू त्याने पाहिला. दारापाशी दोन लहान हत्ती पाहून मात्र तो चकित झाला, आणि इतक्या अवघड वाटेने ते वर आणले तरी कसे, असे त्याने लिहून ठेवले. हत्तींची ही गोष्ट सईला फार आवडली. आपण लोखंडी दोराला टांगून चार मिनिटांत वर आलो आणि त्या काळी त्याच डोंगरावर हत्ती चढवले गेले, हे ती दिवसभर प्रत्येकाला सांगत होती.

त्याच वेळी एका जिल्हा परिषद शाळेची सहल आत आली. चाळीसएक मुले, गणवेशावर रंगीबेरंगी स्वेटर, काहींचे डोक्याला बांधलेले मफलर, आणि पायऱ्या चढून आल्यामुळे लाल झालेले गाल. त्यांच्या गुरुजींनी सर्वांना सिंहासनाच्या बाजूला उभे केले, एका विद्यार्थ्याला नगारखान्यात पाठवले आणि शांत राहायला सांगितले. तिकडे त्या मुलाने वहीचे पान फाडले. तो टरकन झालेला आवाज इकडे आमच्यापर्यंत आला. इतक्या अंतरावरून, उघड्या आवारात, वारा वाहत असताना! मुलांनी श्वास सोडला आणि मग गुरुजींनी "छत्रपती शिवाजी महाराज की..." म्हणताच जो जयघोष उठला, त्याने आईच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही सगळे त्या घोषात सामील झालो.

सहलीतल्या दोघातिघांची अर्णवशी लगेच गट्टी जमली. बोलता बोलता त्यांनी विचारले, "तुम्ही कुठल्या वाटेनं आलात?" तो अभिमानाने म्हणाला, "रोपवेने." त्यावर एक मुलगा सहज बोलून गेला, "मग तू गड चढलाच नाहीस." त्याच्या बोलण्यात चिडवणे नव्हते, पण अर्णवचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाबा, आपण उतरताना पायऱ्यांनी जायचं." मी त्याला कबूल केले.

दुपार : बाजारपेठ, ताक आणि जगदीश्वर

होळीच्या माळावरून शिर्काई देवीचे दर्शन घेऊन आम्ही बाजारपेठेत आलो. समोरासमोर दुकानांच्या दोन सरळ रांगा आणि मधून रुंद रस्ता. जोती कमरेच्या वर उंच आहेत; घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून ती तशी बांधली, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, डोंगरमाथ्यावर इतकी आखीव पेठ वसवणाऱ्याची दृष्टी त्या रस्त्यावर उभे राहिले की समजते.

पेठेच्या टोकाला एक मावशी ताक, आवळे आणि बोरे घेऊन बसल्या होत्या. पायथ्याच्या वाडीतून त्या रोज पायऱ्यांनी वर येतात. ताक घट्ट होते, मीठ आणि जिऱ्याची भरड घातलेले. थंडीत ताक नको म्हणणाऱ्या अण्णांनीही पेला रिकामा केला. आईने मावशींना हिरकणीबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी हात पुसून पश्चिमेच्या बुरुजाकडे बोट केले आणि गोष्ट अशी सांगितली, जणू ती त्यांच्याच वाडीत परवा घडली: कोजागिरीला गडावर दूध घालायला गेलेली गवळण, बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे बाळ, आणि अंधारात कड्यावरून उतरण्याचा तिचा निर्णय. "लोक म्हणतात तिला भीती कशी नाही वाटली. अहो, तिला पोरगं दिसत होतं, कडा दिसतच नव्हता," असे त्या म्हणाल्या. आई त्यांच्या शेजारी दगडावर बसली आणि दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. निघताना मावशींनी अर्णवच्या खिशात मूठभर बोरे घातली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

गडावर स्थानिक कुटुंबे घरगुती जेवण करून देतात. सकाळी वर येताच सांगून ठेवले, तर दुपारी गरम पिठले, भाकरी, ठेचा आणि कांदा मिळतो. चुलीवरची भाकरी थेट ताटात पडत असल्यामुळे आमच्याकडून नेहमीपेक्षा दुप्पट जेवण झाले. पाण्याच्या बाटल्या आणि खाऊची वेष्टने परत खाली न्यावीत, हे सांगायची वेळ येऊ नये, पण गंगासागर तलावाच्या काठावर जे दिसले त्यावरून सांगणे भाग आहे. गडाची तहान भागवण्यासाठी खोदलेला हा तलाव जानेवारीतही भरलेला असतो, आणि काठावरचे दोन द्वादशकोनी मनोरे पाण्यात उतरलेले दिसतात. जुलै २०२५ मध्ये ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत रायगड आहे. तो मान टिकवणे आपल्या हातात आहे.

जगदीश्वराच्या मंदिरापर्यंत माथ्यावरून चालत जावे लागते. वाट सपाट आहे, पण आईला दोनदा बसावे लागले, म्हणून या टप्प्यासाठी तासभर हाताशी ठेवावा. मंदिराच्या पायरीवर एक छोटा लेख कोरलेला आहे. अक्षरे झिजली आहेत. सईने मोबाइल बाजूला ठेवून गुडघे टेकले आणि बोट फिरवत एकेक अक्षर लावत वाचले: "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर." ज्या माणसाने हा गड बांधला, त्याने आपले नाव कळसावर किंवा दारावर न लिहिता जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडेल तिथे लिहिले. अण्णा ती पायरी टाळून बाजूने वर चढले. त्यांना बघून मुलांनीही तसेच केले.

मंदिराजवळच महाराजांची अष्टकोनी समाधी आहे. ३ एप्रिल १६८० रोजी गडावरच त्यांचे निधन झाले. पुढे गडाची पडझड झाली आणि समाधी झाडाझुडपांत हरवली. १८६९ साली जोतीराव फुले यांनी ती शोधून काढून तिची साफसफाई केली. इथे आम्ही कोणीही फोटो काढले नाहीत. अण्णांनी घरून आणलेली फुले आईच्या हातात दिली, आणि तिने ती वाहिली. इथून पूर्वेला लिंगाण्याचा सुळका, त्याच्या मागे राजगड आणि तोरणा थंडीच्या हवेत स्पष्ट दिसत होते. तोरणा ते राजगड ते रायगड हा स्वराज्याचा प्रवास पुस्तकात पाने उलटून समजतो. इथे तो एका नजरेत समजला.

उतरण : पायऱ्या आणि महादरवाजा

टकमक टोकाला आई-अण्णांना नेले नाही. तिथला वारा बेभरवशाचा असतो आणि लहान मुलांचा हात घट्ट धरावाच लागतो. तीनच्या सुमारास पत्नी, सई, आई आणि अण्णा रोपवेकडे गेले, मी आणि अर्णव पायऱ्यांकडे.

अण्णांनी सकाळपासून एकच हळहळ बोलून दाखवली होती, की रोपवेने येणाऱ्याला महादरवाजा दिसत नाही. तो पाहिल्यावर त्यांचे म्हणणे पटले. खालून येणाऱ्याला अगदी जवळ येईपर्यंत दार दिसूच नये, अशी त्याची गोमुखी रचना आहे. दोन प्रचंड बुरुजांच्या कुशीत वाट वळते आणि मग अचानक कमान समोर उभी राहते. आम्ही वरून येत असल्यामुळे आधी बाहेर पडलो, मग अर्णवने शत्रू होऊन पुन्हा पायऱ्या चढून बघितल्या. "खालून आलो असतो तर आपण आधीच सापडलो असतो," असा त्याचा निष्कर्ष निघाला. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी वर जाताना रोपवे आणि उतरताना पायऱ्या असा बेत करावा; वेळही वाचतो आणि महादरवाजाही चुकत नाही. उतरताना बूट चांगल्या पकडीचे हवेत, कारण वाळलेल्या गवताची बारीक कुसळे आणि खडी पायऱ्यांवरून पाय घसरवते. पायऱ्यांचा पायथा आणि रोपवेचे स्थानक एका ठिकाणी नाहीत, म्हणून गाडी कुठे थांबेल हे आधी ठरवून घ्यावे. फोनला मध्येच रेंज नसते.

निम्म्या वाटेवर सकाळची ती शाळा पुन्हा भेटली. अर्णवने लांबूनच हाक मारली. तो मुलगा वळून हसला, त्याने थांबून अर्णवची वाट पाहिली आणि दोघे शेवटपर्यंत बरोबर उतरले.

संध्याकाळ : पाचाड

रायगडाला येऊन पाचाडला न थांबता जाणारे बरेच जण असतात. कृपया तसे करू नका. जिजाऊंना गडावरची थंड, वाऱ्याची हवा मानवत नसे, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याला वाडा बांधला, असे सांगतात. सकाळी मेणा दरवाज्यात कानांवर शाल ओढणाऱ्या आईला हे सांगितले तेव्हा ती पटकन म्हणाली, "खरंच आहे, वरचा वारा हाडांत जातो." वाड्याची तटबंदी आणि आतली तक्क्याची विहीर आजही पाहता येते. विहिरीच्या काठावर टेकून बसण्यासाठी दगडी तक्क्या आहे. पाणी भरायला आलेल्या बायकांशी महाराज इथे बसून बोलत असत, अशी आठवण गावात सांगितली जाते.

राज्याभिषेक झाला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी जिजाऊंनी इथेच देह ठेवला. त्यांची समाधी रस्त्यालगत, झाडांच्या सावलीत आहे. गर्दी नव्हती. आई समाधीपुढे बराच वेळ हात जोडून उभी होती, आणि मग तिने दोन्ही नातवंडांना पुढे बोलावून नमस्कार करायला लावला.

समाधीसमोरच्या टपरीवर गवती चहा घातलेला चहा घेतला. थंडीत दिवस लवकर मावळतो आणि अंधारात घाट चढणे टाळावे, म्हणून रात्री पुन्हा महाडलाच राहिलो आणि रविवारी सकाळी उन्हाबरोबर ताम्हिणी चढलो. वृद्ध मंडळींना घेऊन येणाऱ्यांनी पाचाड शेवटी ठेवावे. तिथे चढ नाही, गाडी जवळपर्यंत जाते, आणि दिवसभर थकलेल्या पायांना हवा तेवढा वेळ बसता येते.